चौदा ॲडमिन

कुणी पासवर्ड विसरला की माझ्याकडे येतो. ती माझी नोकरीच आहे. अबू धाबीतल्या एका हॉटेल कंपनीच्या वेबसाइटवरची खाती मी सांभाळते. कोणाला आत घ्यायचं, कोणाला किती दारं उघडून द्यायची आणि कोण स्वतःला बाहेर कोंडून घेऊन माझ्या नावाने शंख करतोय, हे दिवसभर बघत बसायचं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कुणी "एका मिनिटाचं काम होतं" म्हणत फोन केला की माझं डोकंच फिरतं. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की अल रीम आयलंडवर आमच्या एकविसाव्या मजल्यावरचा तुझा आवाज खाली पार्किंगपर्यंत जातो. काहीतरीच. फार तर पंधराव्या मजल्यापर्यंत जात असेल.

पण त्या रविवारी सकाळी फोन आला तो अन्वरीभाभींचा, आणि त्यांच्यावर चिडणं मला अजून जमलेलं नाही.

अन्वरीभाभी राहतात उम्म अल कुवैनला. त्यांचे यजमान खैरुद्दीनभाई यांचं तिथल्या इंडस्ट्रियल एरियात एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून इकडे आलेल्या कुटुंबांचं 'कोकण किनारा मंडळ' म्हणून एक मंडळ आहे, त्याची मराठी वेबसाइट आहे आणि त्या वेबसाइटवर वाचण्यासारखं जे काही आहे ते सगळं भाभींनी लिहिलेलं आहे. बाकी असतात त्या सूचना, निधनवार्ता आणि सत्काराचे फोटो. भाभी स्वयंपाकाबद्दल लिहितात. पण नुसती कृती नाही. सुकट भाजताना शेजारचे फिलिपिनो लोक दार का ठोठावतात, तेही लिहितात.

आमची ओळखही तिथलीच. त्यांच्या कृतीने मी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, केल्या आणि त्या खारट झाल्या. मी रागाच्या भरात खाली प्रतिक्रिया ठोकून दिली. त्यांचं उत्तर आलं, "ताई, तिसऱ्या शिजताना स्वतःचं मीठ सोडतात. हे मी लिहायला पाहिजे होतं. चूक माझी." एवढ्या सरळ माणसाशी भांडण पुढे कसं न्यायचं? मी नंबर मागितला आणि मैत्री झाली.

तर त्या सकाळी भाभी म्हणाल्या, "विभाताई, बिझी नाही ना? माझं नाव गेलं."

"गेलं म्हणजे कुठे?"

"वेबसाइटवरनं. लेख सगळे आहेत, पण प्रत्येकाच्या खाली यहयाचाचांचं नाव लागलंय. सुकटीच्या खाली पण. आणि मी आत गेले तर आतमध्ये काहीच नाही. म्हणतं, तुम्ही अजून एकही लेख लिहिलेला नाही."

मी लॅपटॉप उघडला. खरंच, घावण्यांपासून कोकमाच्या सारापर्यंत सगळीकडे एकच ओळ होती. लेखक, यहया परकार. हे परकार मंडळाचे अध्यक्ष. खैरुद्दीनभाईंचे सख्खे चुलते, म्हणून भाभींना चाचा आणि त्यामुळे सगळ्या मंडळालाच चाचा. मीना बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे.

"ही चोरी आहे!" मी ओरडले. आतल्या खोलीतून आभा, माझी लेक, म्हणाली, "आई, व्हॉल्यूम प्लीज."

"नाही हो ताई, चाचा तसं नाही करणार," भाभी म्हणाल्या. "पण शनिवारी मंडळाचा कार्यक्रम आहे. वेबसाइट मोठ्या स्क्रीनवर दाखवणार आहेत. आणि मी अम्मीला सांगून बसलेय."

अम्मी म्हणजे भाभींच्या आई, दाभोळजवळच्या गावात असतात. त्यांना व्हिडिओ कॉल लावून तो स्क्रीन दाखवायचा, असं ठरलं होतं. भाभी एका दमात बोलून गेल्या, "ताई, माझा व्हिसा यांच्या नावावर, फोनचं सिम यांच्या नावावर, लग्नाच्या दावतीला कार्ड येतं त्यावर पण खैरुद्दीन अँड फॅमिली. मी ती फॅमिली. माझं नाव लिहिलेलं एवढं एकच ठिकाण होतं. अम्मीला म्हटलं होतं, बघ, तुझ्या अन्वरीचं नाव भिंतीएवढं दिसेल. आता तिला काय दाखवू, चाचांचं नाव?"

मला एकदम वाईट वाटलं आणि लगेच पुन्हा राग आला. वाईट वाटलं की मला रागच येतो. मी म्हटलं, "भाभी, उद्या ऑफिसला दांडी. तुम्ही बर दुबईला चाचांच्या दुकानात या, मी पण येते. बघतेच या चाचांकडे."

"ओरडू नका हं," भाभी म्हणाल्या.

अबू धाबीहून दुबईपर्यंत गाडी चालवत मी चाचांना सुनवायचं भाषण पाठ केलं. त्यात बायकांच्या कष्टांवर पुरुषांनी मिरवणं हा मुद्दा होता आणि शेवटी सडकून टाळी घेणारं एक वाक्य होतं. मीना बाजारात पार्किंग शोधता शोधता त्याला आणखी धार आली. दुकानात भाभी आधीच येऊन बसल्या होत्या, सोबत त्यांची कॉलेजातली मुलगी अलिना. चाचा कापडाच्या थानांच्या मधोमध उभे होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप.

"या बेटी, या! अबू धाबीहून आलीस, आधी पाणी पी. चहा सांगितलाय."

पाणी प्यायल्यावर भाषणाची पहिली दोन वाक्यं गेली. तिसऱ्याला मी सुरुवात केली. "चाचा, भाभींचे लेख तुमच्या नावावर कसे गेले?"

चाचांचा चेहरा चक्क खुलला. "मीच घेतले. वाचवले म्हण. यल्ला, बस, सांगतो."

झालं होतं असं. भाभींनी फोन बदलला आणि पासवर्ड विसरल्या. नवीन पासवर्ड मागवायचा तर तो जाणार ज्या ईमेलवर, ते ईमेल अलिनाने शाळेत असताना काढलेलं, त्याचाही पासवर्ड ती विसरलेली. तेव्हा अलिनाने सरळ भाभींच्या नावाने दुसरं खातं उघडून दिलं. चाचा एक दिवस सदस्यांची यादी बघत बसले होते, तर तिथे दोन अन्वरी.

"एका थानाला दोन चिठ्ठ्या लागल्या की गिऱ्हाइकाशी भांडण ठरलेलं," चाचा म्हणाले. "म्हटलं एक काढून टाकू. जुनी काढली, नवी ठेवली. तर कंप्यूटर विचारतो, हिच्या लेखांचं काय करू? पुसून टाकू, की कुणाच्या नावे करू? मी घाबरलोच. पोरीची एवढी मेहनत, पुसायची कशी? आणि कुणाच्या नावे म्हणजे काय, कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. खाली चौदा नावं. आमच्या सेक्रेटरीच्या, अबरारच्या हातात दिलं तर तो विसरणार. म्हटलं, मी घरातला मोठा, माझ्याकडे ठेवतो. अमानत म्हणून. अन्वरी मागेल तेव्हा परत द्यायची. अल्लाची कसम, एक ओळ इकडची तिकडे केली नाही."

दुबईत कुणी सहा महिने गावी निघालं की घराची किल्ली, सोनं, कधी मांजरसुद्धा जवळच्या वडीलधाऱ्याकडे ठेवून जातं, त्याच रिवाजाने या माणसाने लेख ठेवून घेतले होते. त्या नावाखाली ते साऱ्या जगाला दिसतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझं भाषण घशातच राहिलं. भाभी माझ्याकडे बघून हसत होत्या, 'सांगितलं होतं ना' अशा.

"पण चाचा, चौदा नावं कसली?" मी विचारलं.

"ॲडमिनची."

"चौदा ॲडमिन?"

तेव्हा दुसरी गंमत कळली. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने मंडळाच्या कमिटीला विचारलं होतं की कोणाला कुठला रोल द्यायचा. सर्वांत वर ॲडमिनिस्ट्रेटर, मग एडिटर, मग ऑथर, असं करत अगदी तळाला सबस्क्रायबर. आता जेवायला बसताना दस्तरखानावर सुद्धा कोण वर बसणार, कोण खाली, हे वयावर ठरतं. इथे अबरारभाईंसारख्या सेक्रेटरीला खाली कोण बसवणार? आणि अबरारभाई वर, तर त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले खजिनदार खाली कसे? झालं, कमिटीतले चौदाच्या चौदा ॲडमिन झाले. लिहिणाऱ्या एकट्या भाभी, त्या ऑथर.

"चाचा, ॲडमिन म्हणजे मान नाही हो. ॲडमिन म्हणजे ज्याला सगळं मोडता येतं तो."

"मग मानच झाला ना," चाचा म्हणाले.

काम मात्र झटपट झालं. चाचांचा पासवर्ड गल्ल्यावर चिकटवलेला होता, तरी त्यांनी तो मला दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून सांगितला. दोन गिऱ्हाइकांनाही पाठ झाला असेल. मी भाभींचं दुसरं खातं नीट लावून दिलं, ईमेल बदललं, आणि 'स्वयंपाक' विभागातले सगळे लेख एका फटक्यात चाचांच्या नावावरून भाभींच्या नावावर केले. नाव कसं दाखवायचं, असं वेबसाइट विचारते. मी म्हटलं, "काय घालू? मिसेस खैरुद्दीन?"

"नुसतं अन्वरी," भाभी म्हणाल्या. "नको, थांबा. अन्वरी परकार. नाही, नुसतं अन्वरीच." मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी ती तीन अक्षरं टाइप केली.

चाचांनी मला सलवार-सुटाचं कापड द्यायला काढलं. "दीडशे दिरहॅमचं आहे, म्हणजे आपले साडेतीन हजार रुपये, पण तुला फ्री." मी नको नको म्हणत होते तोवर ते कापूनही झालं. परत येताना मी इतकी खूश होते की एका टॅक्सीवाल्याला पुढे जाऊ दिलं.

सुख टिकलं मंगळवार दुपारपर्यंत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सहज वेबसाइट उघडली, तर मंडळाच्या मुखपृष्ठावर एक गोरा माणूस डंबेल्स उचलत होता.

मी चाचांना फोन लावला. चाचांनी, भला माणूस, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आनंदाने जाहीर केलं होतं की वेबसाइटचं काम चालू आहे, शनिवारसाठी सगळ्यांनी हातभार लावावा. आणि चौदा जणांनी हातभार लावला होता. खजिनदारांनी कार्यक्रमाला शोभेल म्हणून वेबसाइटचं रूप बदललं होतं. जे रूप फुकट मिळालं ते व्यायामशाळेचं होतं. अबरारभाईंनी, ज्या मुलखात राहतो त्याची इज्जत ठेवावी म्हणून, वेबसाइटची भाषा अरबी केली होती, त्यामुळे सगळे मेनू उजवीकडून डावीकडे धावत होते. आणि तिसऱ्या कुणीतरी सुरक्षेसाठी अन्वरीभाभींचा पासवर्ड बदलून टाकला होता आणि नवीन काय ठेवला हे तेही विसरले होते. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मी ते सगळं सरळ केलं. बुधवारी पुन्हा बघते तर डंबेल्सवाला परत आला होता. खजिनदारांना वाटलं, त्यांनी केलेलं चुकून गेलं.

मग मात्र माझा तोल गेला. चाचांनी मला ग्रुपमध्ये घेतलं होतंच. मी लिहिलं, "वेबसाइटला कोणीही हात लावू नये. आजपासून ॲडमिन फक्त दोन राहतील, मी आणि अन्वरीभाभी. बाकीच्यांना खाली आणत आहे." आणि पाठवून दिलं.

ग्रुप गप्प झाला. एरवी पाच मिनिटाला गुड मॉर्निंगची फुलं टाकणारा ग्रुप. बऱ्याच वेळाने अबरारभाईंनी लिहिलं, "मॅडम, मंडळ सुरू झालं तेव्हा सतरंजी आम्ही अंथरली आहे. खाली म्हणजे कुठे?" मग खजिनदार ग्रुप सोडून गेले. त्यांच्यामागे आणखी दोघे.

संध्याकाळी भाभींचा फोन. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जड होता. "विभाताई, राहू द्या. शनिवारी वेबसाइट दाखवायचीच नाही असं कमिटीत म्हणतायत. माझ्या एका नावासाठी म्हाताऱ्या माणसांचा अपमान नको. मी अम्मीला सांगते, नेट चालत नव्हतं. काही नाही होत. खलास."

"भाभी, तुम्ही काही चुकीचं मागितलेलं नाही."

"माहीत आहे. पण त्यांनी मला खूप जीव लावलाय हो."

फोन ठेवला आणि मी सोफ्यावर बसून राहिले. मला लाज वाटत होती. हात दाखवून अवलक्षण केलं होतं मी. ज्या बाईचं नाव परत आणायला गेले, तिला तेच सोडायला लावलं. प्रकाश भाजी चिरत होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "तुझं टेक्निकल बरोबर आहे. पण तू त्यांना पानावरून उठवलंस."

"मग काय करू? चौदा जणांना किल्ल्या देऊ?"

"किल्ल्या कशाला? पुण्यात आपल्या सोसायटीच्या गणपतीचा फ्लेक्स आठव. वर मोठमोठे फोटो, खाली लिहिलेलं, आधारस्तंभ. त्यातला एक तरी आधारस्तंभ मांडवाच्या खांबाला हात लावतो का?"

मी प्रकाशकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मधूनच कामाचं बोलतो.

वेबसाइटवर नवीन रोल बनवता येतो, ही गोष्ट मी दिवसभर लोकांना सांगत असते आणि स्वतः विसरले होते. बसल्या बैठकीला एक रोल तयार केला आणि यादीत ॲडमिनिस्ट्रेटरच्याही वर नेऊन ठेवला. नाव दिलं 'सरपरस्त', म्हणजे आश्रयदाता. अधिकार काय? वाचण्याचा. लॉगिन केलं की मोठ्या अक्षरांत स्वागत होणार, 'अस्सलामु अलैकुम, सरपरस्त अबरारसाहेब.' बाजूला फोटो. बदलायला, पुसायला, अरबी करायला एकही बटण नाही.

पण निरोप लिहायचा कुणी? माझ्या निरोपाचा परिणाम सगळ्यांनी पाहिलाच होता. मी भाभींना फोन करून बेत सांगितला. त्या हसल्या, मग थोड्या वेळाने त्यांनी लिहून पाठवलं. 'मंडळाच्या बुजुर्गांनी आजवर वेबसाइटचा सगळा भार उचलला. आता रोजची कटकट आम्हा लहानांवर सोडावी आणि आपण सर्वांनी वर बसून दुआ द्यावी, ही विनंती. आपल्या सावलीशिवाय एक ओळ लिहिण्याची माझी हिंमत नाही. आपली अन्वरी.' यातला शब्दही मला सुचला नसता. सुचला असता तरी कुणाला खरा वाटला नसता.

गुरुवारी सकाळी सगळ्यात आधी अबरारभाईंचं आलं, "माशाल्ला." खजिनदार ग्रुपमध्ये परत आले आणि त्यांनी स्वतःचा नवा फोटो पाठवला, वेबसाइटवर हाच लावावा म्हणून. दुपारपर्यंत चौदाही जण सरपरस्त झाले होते. मग चाचांचा फोन आला.

"बेटी, एक विचारू? या खुर्चीला पाय नाहीत ना?"

मी खोटं बोलू शकले नाही. "नाहीत, चाचा."

चाचा खो खो हसले. "मीसुद्धा माझ्या वालिदांना दुकानात अशीच खुर्ची दिली होती. पंख्याखाली, गल्ल्यापासून लांब. फार खूश होते. हबीबी, कुणाला सांगू नकोस."

शनिवारी दुबईतल्या एका हॉटेलचा हॉल भरून गेला होता. अत्तराचा वास, बिर्याणीचा वास, पोरांचा इंग्रजीतून गोंधळ. मी आणि प्रकाश आलो तेव्हा खैरुद्दीनभाई स्क्रीनच्या वायरी बघत होते आणि भाभी लॅपटॉपपाशी उभ्या होत्या. मोतिया रंगाचा नवा ड्रेस आणि हातात फोन, त्यात अम्मी. सुरकुतलेला चेहरा, अर्धं कपाळ आणि अर्धं छत.

"अम्मी, फोन जरा खाली धर. हां. आता बघ."

"मम्मा, रिलॅक्स, इट्स लोडिंग," अलिना म्हणाली.

आणि स्क्रीनवर भिंतभर घावण्यांचा फोटो आला. त्याच्या खाली लिहिलं होतं, लेखिका, अन्वरी.

फोनमधून बराच वेळ आवाज येईना. मला वाटलं, नेट गेलं. पण अम्मी अक्षरं लावून वाचत होत्या. "अ... न्व... री." मग त्यांनी विचारलं, "तूच ना गं? दुसरी कोण अन्वरी नाही ना तिथं?"

"मीच, अम्मी. दुसरी होती, ती काढून टाकली."

सगळा हॉल हसला. भाभी पण हसत होत्या, आणि हसता हसता ओढणीने डोळे पुसत होत्या. खैरुद्दीनभाई वायरी सोडून नुसते स्क्रीनकडे बघत उभे राहिले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी एसीवर ढकललं.

अलिना एकेक लेख पुढे सरकवत होती. सुकट, तिसऱ्या, कोकमाचं सार. मग आलं 'हुमेराच्या हातचं सांदण'. भाभींनी एकदम तिचा हात धरला. "थांब. हे माझं नाही."

मी पुढे झाले. खाली 'लेखिका, अन्वरी' असंच होतं. मीच तर 'स्वयंपाक' विभागातलं सगळं एका फटक्यात त्यांच्या नावे केलं होतं. आतली एखादी वस्तू दुसऱ्याची असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग कुणाचं आहे?"

भाभींनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. चाचा खाली मान घालून शर्टाच्या बाहीचं बटण चाचपत होते. हुमेरा म्हणजे हुमेराचाची, त्यांची बायको. पाच वर्षांपूर्वी वारल्या, हे मला भाभींनी कधीतरी सांगितलं होतं.

मी स्क्रीनवरचं वाचलं. कृती अशी फारशी नव्हतीच. तांदळाचा रवा किती, नारळाचं दूध किती, हे कुठेच नव्हतं. लिहिलं होतं की पीठ आंबलं की नाही ते ती नुसत्या वासावर सांगायची, आपण कितीही हुंगलं तरी कळत नाही. लिहिलं होतं की पहिली वाटी वाफेवरून उतरली की ती मला हाक मारायची, आणि मी म्हणायचो, गिऱ्हाईक आहे, नंतर. शेवटची ओळ होती, 'मी दहा वेळा करून पाहिलं. फुगत नाही.'

"राहू दे, अन्वरी," चाचा हळूच म्हणाले. "तुझ्याच नावावर शोभतं ते. दुकानदार माणूस मी, लोक म्हणतील म्हातारा सांदणं लिहायला लागला. मला तर बरंच वाटलं होतं, तुझ्यात मिसळून गेलं म्हणून."

"नाही चाचा," भाभी म्हणाल्या. आवाज मऊ, पण हलायला तयार नाही. "माझं तुम्ही सांभाळलंत, जसंच्या तसं परत दिलंत. मग तुमचं मी कसं ठेवून घेऊ? अमानत परत करायची असते."

चाचा उठले आणि सावकाश लॅपटॉपपाशी आले. मी म्हटलं, "चाचा, एका मिनिटाचं काम आहे. तुमचं नाव लावते." एका मिनिटाचं काम, हे मी स्वतःच्या तोंडाने बोलले.

चाचांनी मला हाताने थांबवलं. "माझं नको. लिहिलं मी, पण हात तिचा आहे. तिचं लाव. एवढी वर्षं संसार केला तिने, तिचं नाव पण कुठे लिहिलेलं नाही."

"पण चाचा, ज्याचं खातं असतं त्याचंच नाव लागतं. त्यांचं खातं उघडावं लागेल."

"मग उघड की."

मी नवीन सदस्याचं पान उघडलं. नाव, हुमेरा. ईमेलच्या जागी चाचांनी स्वतःचं सांगितलं. मग ती नेहमीची यादी खाली आली, सरपरस्तांपासून सबस्क्रायबरपर्यंत, आणि मी सवयीने विचारलं, "रोल कुठला देऊ?"

चाचांना विचार करावा लागला नाही.

"ॲडमिन," ते म्हणाले. "आमच्या घरात तेवढी एकच होती."

सगळा आठवडा मी ज्या एका शब्दासाठी भांडले होते, तो मी निवडला आणि सेव्ह केलं.